स्कूटरच्या दिव्यांतील बिघाड आणि त्यावरील उपाय

डोंबिवली शहर चहूबाजूंनी वाढले असले, तरी भोपर, निळजे, घेसर अशा गावांतून भाजीपाला किंवा दुधाच्या किटल्या घेऊन शहराकडे येणाऱ्या शेतकऱ्याला पहाटेच्या अंधारातच निघावे लागते. कल्याण-शीळ रस्त्यावर त्याला अवजड वाहनांच्या रहदारीतून जावे लागते. अशा वेळी स्कूटरचा मागचा लाल दिवा विझला, तर स्वाराला ते कळत नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकचालकाला पुढे स्कूटर आहे हेच दिसत नाही. म्हणून दिव्यांच्या बिघाडाचे कारण ओळखता येणे प्रत्येक स्कूटरवाल्यास आवश्यक आहे.

वीज कोठून येते?

बजाज ऑटोने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या चेतकसारख्या जुन्या पेट्रोल स्कूटरींचे उत्पादन आता बंद झाले आहे. तथापि त्यांपैकी काही अद्याप वापरात आहेत. अशा गाडीत इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉईलमध्ये दिव्यांसाठी वीज तयार होते. त्यामुळे इंजिन बंद असता पुढचा दिवा न लागणे किंवा इंजिन मंद असता उजेड कमी पडणे हा बिघाड समजू नये.

ज्या जुन्या गाडीत रेग्युलेटर नसतो, तेथे तयार होणारी वीज पुढच्या व मागच्या दिव्यांत वाटली जाते. पुढचा बल्ब उडाला, की त्याच्या वाट्याची वीज मागच्या लहान बल्बवर येते व तोही तत्काळ उडतो. पुढच्या बल्बचा होल्डर सैल असला किंवा डिपरचे बटण नीट बसत नसले, तरी हाच परिणाम होतो. मागचा बल्ब वारंवार जात असेल, तर दोष पुष्कळदा पुढच्या दिव्यात असतो, ही गोष्ट शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

तपासणीचा क्रम

१. प्रथम बल्ब काढून आतील तार तुटली आहे काय, हे पाहावे. नवा बल्ब घेताना जुन्यावरील व्होल्ट व वॅटचे आकडे जुळवून घ्यावेत. ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा बल्ब घातल्यास उजेड अगदी मंद पडतो. १२ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टचा घातल्यास तो उडतो. अधिक उजेडाच्या आशेने जास्त वॅटचा बल्ब बसवू नये.

२. बल्ब चांगला असूनही दिवा लागत नसेल, तर होल्डर पाहावा. पावसाळ्यातील दमट हवेने त्यावर गंज व हिरवट थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा. या वेळी इंजिन बंद असावे.

३. त्यानंतर अर्थ तपासावा. विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या पत्र्यातून असतो. इंजिन चालू ठेवून तारेचे एक टोक होल्डरच्या धातूला व दुसरे टोक रंग खरवडलेल्या पत्र्याला लावावे. दिवा लागल्यास अर्थाची जोडणी खराब आहे असे समजावे व तेथील स्क्रू साफ करून घट्ट आवळावा.

४. हँडल वळविताना दिवा लुकलुकत असेल, तर हँडलच्या मानेतील तारा घासल्या आहेत काय ते पाहावे. उघडी पडलेली तार बदलावी. ओल्या जागी नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये.

५. रेग्युलेटर असलेल्या गाडीत वेग वाढताच बल्ब उडत असतील, तर रेग्युलेटर किंवा त्याचा अर्थ बिघडलेला असण्याचा संभव असतो. वेग वाढवूनही सर्वच दिवे मंद राहत असतील, तर कॉईलचीही तपासणी करावी लागते. ही कामे जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावीत.

दक्षता

इंजिन चालू ठेवून करावयाची तपासणी उघड्यावरच करावी, कारण बंद खोलीत धुरातील विषारी वायू साचतो. पेट्रोल गळत असल्यास तारांना हात लावू नये. बॅटरीच्या गाडीतील फ्यूज गेल्यास त्या जागी जाड तार बसवू नये; तारा तापून आग लागण्याचा धोका असतो. चेतक याच नावाने २०२० पासून विक्रीस आलेली स्कूटर बॅटरीवर चालणारी आहे. तिला वरील रीत लागू नाही. तिची विजेची यंत्रणा घरी उघडू नये. तसेच १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तोही दोष नव्हे.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दिवे लावून वाहन चालविणे कायद्यानेही बंधनकारक आहे. आठवड्यातून एकदा तिन्हीसांजेला अंगणात इंजिन सुरू करून घरातील दुसऱ्या माणसास गाडीच्या मागे उभे करावे व मागचा दिवा तसेच ब्रेकचा दिवा लागतो की नाही, हे त्याला विचारावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावच्या बैठकीत एखादी जुनी स्कूटर आणून अर्थाची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. एक जादा बल्ब, तारेचा तुकडा, स्क्रू ड्रायव्हर व पॉलिश पेपर एवढे साहित्य डिकीत असले, तर वाटेत होणारा बराचसा खोळंबा टळेल आणि पहाटे निघालेला माणूस सुखरूप घरी परतेल.