कानाला गोड की जिवाला हिताचं?

आजचं वाचन : २ तीमथ्य ४:१-५

पौल इथे तरुण तीमथ्याला सावध करतोय. लोक आपल्या आवडीप्रमाणे शिक्षक निवडायला लागतील, हा धोका त्याला दिसतोय. वाचताना मला प्रश्न पडला : पाळक निवडायचा हक्क लोकांच्याच हातात असेल, तर ते काय शोधतील?

अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळ्यांमध्ये हे नेहमीचंच आहे. १९६१ मध्ये दोन जुने उदारमतवादी पंथ एकत्र येऊन ही संघटना झाली. (आपले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या युनिटेरियनांच्याच मदतीने ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करायला गेले होते.) इथे सगळ्यांवर एकच श्रद्धा सक्तीची नाही. येशूला मानणारा आणि देवाबद्दल शंका असलेला, दोघेही एकाच बाकावर बसतात. वरून कोणी बिशप पाळक नेमत नाही, मंडळीच निवडते.

पण घाई नसते. आधीचा पाळक गेला की बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षं हंगामी पाळक काम पाहतो. निवड समिती आधी सभासदांनाच विचारते : आपण कोण आहोत? आपलं कुठे दुखतं? कुठे जायचंय? मग अपेक्षा पुढे येतात. उपदेश विचार करायला लावणारा हवा. आजाऱ्याच्या उशाशी शांत बसता यायला हवं. मुलांमध्ये रमणारा, अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरणारा हवा. शेवटी एकच उमेदवार साधारण आठवडाभर येऊन राहतो, दोन रविवारी उपदेश करतो, आणि मग मतदान होतं.

यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

पहिली, ते स्वतःचे पूर्वग्रह तपासतात. पाळक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? स्त्री, कृष्णवर्णीय, समलिंगी किंवा अपंग व्यक्ती त्या चित्रात बसते का? यावर खास कार्यशाळा घेतल्या जातात. स्वतःला उदार म्हणवणाऱ्यांनाही याची गरज पडते! शमुवेलसुद्धा इशायाच्या घरी उंच, देखण्या अलीयाबाला पाहून भुलला होताच की (१ शमुवेल १६). देवाने निवडलेला दावीद तेव्हा मेंढरांमागे होता.

दुसरी, व्यासपीठाचं स्वातंत्र्य. निवडलेल्या पाळकाने विवेकाला पटेल ते बोलावं, मंडळीला ते रुचो वा न रुचो. म्हणजे पगार आपण द्यायचा, आणि आपल्याला बोचेल ते बोलायची मोकळीकही आपणच द्यायची. सोपं नाही हे. मंडळी मत देऊन पाळकाला काढूही शकते, त्यामुळे पौलाने सांगितलेला मोह तिथेही आहेच. पण त्या मोहाला आधीच बांध घातलेला आहे.

आता आपल्याकडे वळू. आपणही रोज मतदान करतो ना? आवडला वक्ता की फॉलो, टोचला की अनफॉलो. त्यासाठी समिती लागत नाही, अंगठा पुरतो. असं करत करत आपल्याला थांबवणारा एकही आवाज उरला नाही, तर चुकीच्या वाटेवर हाक कोण मारणार?

आज एवढंच करून बघा. ज्याचं बोलणं अलीकडे टोचलं, पण जो आपल्या भल्याचं बोलतो हे मनातून ठाऊक आहे, त्याचं म्हणणं आज पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐका.

प्रार्थना : प्रभू, आम्हाला खरं बोलणारी माणसं दे, आणि त्यांना टिकू देण्याइतकं मोठं मनही दे. आमेन.