झोपताना दहा मिनिटं गोष्टीसाठी



या वेळी आरोग्याच्या पानावर एका सवयीबद्दल बोलू, जिला औषध लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही: रात्री झोपताना मुलाला गोष्ट वाचून दाखवणं.

सुरुवात माझ्या चुकीने करते. नर्सची नोकरी सोडून वस्तीत काम सुरू केलं, तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या एका आईला मी चित्रांचं पुस्तक दिलं. तिची मुलगी तीन वर्षांची, पण बोलायची फार कमी. "रोज रात्री हिला वाचून दाखवा," एवढं सांगून मी निघाले. महिन्याने गेले तर पुस्तक फळीवर, कोरं करकरीत. मी रागावले. ती मान खाली घालून म्हणाली, "सिस्टर, मला वाचता कुठं येतं?" मी विचारलंच नव्हतं. मग आम्ही दोघी पुस्तक घेऊन बसलो. चित्रातलं मांजर कुठं चाललंय, ते तिने आपल्या मनाने सांगितलं. मुलगी मांडीवर येऊन बसली, चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "माऊ." हे लिहिताना ती आई माझ्या डोळ्यांसमोर आहे.

गोष्टीने काय होतं?

पहिल्या पाच-सहा वर्षांत मुलाचा मेंदू फार वेगाने वाढतो. सहाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के आकाराचा होतो. या काळात मुलाशी जेवढं बोलाल आणि त्याला जेवढं बोलू द्याल, तेवढी त्याची भाषा वाढते. पण कामाच्या धावपळीत आपण काय बोलतो? "जेव", "गप बस", "दप्तर घे", "झोप आता". सगळे हुकूमच. गोष्टीत मात्र घुबड येतं, होडी येते, कुणी रुसतं, कुणाला नवल वाटतं. घरात क्वचित कानावर पडणारे हे शब्द शाळेच्या पुस्तकात पानोपानी असतात. ते ओळखीचे असले की मूल वर्गात बुजत नाही, हात वर करतं.

दुसरा फायदा झोपेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. झोपायच्या वेळी हातात मोबाइल असेल तर झोप लांबते. रोज त्याच वेळी गोष्ट असली की शरीराला सवय लागते.

तिसरा फायदा मनाचा. दिवसभर कामावर असलेले आईबाप त्या दहा मिनिटांत पूर्ण मुलाचे असतात. गोष्ट संपल्यावर मूल हळूच सांगतं, आज शाळेत कुणी चिडवलं, कुणी मारलं. एरवी ते कळलंच नसतं.

वयाप्रमाणे कसं वाचावं?

- सहा महिन्यांपर्यंत: बाळाला अर्थ कळत नाही, पण तुमचा आवाज कळतो. जवळ घेऊन बोला, गुणगुणा.
- सहा महिने ते दोन वर्षं: चित्रावर बोट ठेवून नाव सांगा. पुस्तक तोंडात घातलं तर रागावू नका.
- दोन ते पाच वर्षं: मध्येच थांबून विचारा, "आता काय होईल?" तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगा. त्यातूनच शब्द पक्के होतात.
- शाळेत जाणारं मूल: एक पान तुम्ही, एक पान त्याने. चुकलं तर मारू नका, हसू नका.

झोपताना भुताच्या, बागुलबुवाच्या गोष्टी नकोत. भ्यालेलं मूल झोपत नाही.

वाचता येत नसेल तर?

चित्र बघून स्वतःची गोष्ट रचा. आजीकडून ऐकलेली सांगा. जातककथेतली माकड-मगरीची किंवा बडबड्या कासवाची गोष्ट पुस्तकाशिवायही सांगता येते. मोठ्या मुलीला वाचायला लावा आणि तुम्हीही ऐका. पुस्तकात 'पाणी' असेल आणि तुम्ही 'पानी' म्हणालात तरी काही बिघडत नाही. आपल्या बोलीची लाज धरून गप्प राहू नका.

एकच खोली, टीव्ही चालू

ही अडचण खरी आहे. पण परळच्या चाळीत, एका खोलीत, रामजी सुभेदार भीमरावांना लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत. घरातल्या माणसांनी ठरवलं तर लहान खोलीतही वेळ काढता येते. दहा मिनिटं टीव्ही बंद ठेवायचा, एवढं घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. आई भाकरी करत असेल तर बापाने गोष्ट सांगावी. हे काम फक्त बाईचं नाही.

पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर मोठ्या भावंडाचं बालभारतीचं पुस्तक आहेच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, ते मोठ्या मुलांना चालेल. विहारात एका पेटीत वीस-पंचवीस पुस्तकं ठेवली आणि रविवारी वंदनेनंतर बदलून दिली, तर सगळ्या वस्तीची सोय होते.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

गोष्ट हा आजारावरचा इलाज नाही. वर्षाचं बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं मूल "आई पाणी" असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. "मुलं उशिरा बोलतात" म्हणून वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा. त्या मुलीचे कानही मी पहिल्याच दिवशी तपासायला पाठवायला हवे होते. नंतर तपासले, ऐकू नीट येत होतं.

आज रात्रीच सुरुवात करा. पुस्तक नसेल तर, "एक होतं माकड..." म्हणा. पुढचं मूलच विचारील.

जयभीम!