प्रौढ वयातील अनुसरण आणि महदाइसांची पृच्छा

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या श्रीचरणी दंडवत करून, मार्गात नित्य उपस्थित होणाऱ्या परंतु क्वचितच विचारात घेतल्या जाणाऱ्या एका विषयाचा या पाठात परामर्श घ्यावयाचा आहे.

वासनिक घराण्यांतील ४५-५० वर्षे वयाच्या स्त्रिया आश्रमाच्या दारी येतात. कोणी विधवा असते, कोणी पतीच्या संमतीने आलेली असते, कोणी मुलांचे संसार मार्गी लावून मोकळी झालेली असते. ‘आजवर दुसऱ्यांसाठी जगले, आता उरलेले आयुष्य देवाचे’, असा त्यांच्या बोलण्याचा आशय असतो. अशा वेळी तीन प्रश्न उद्भवतात. हे वैराग्य आहे की केवळ संसाराचा कंटाळा, हा पहिला. इतक्या उशिरा नव्याने आरंभ करणे शक्य आहे काय, हा दुसरा. आणि ती आली तर मार्गाने तिला काय द्यावे, हा तिसरा. पहिले दोन प्रश्न नातलग विचारतात, शेजारी विचारतात, महंतही विचारतात. तिसरा मात्र फारसा कोणी विचारीत नाही. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण दिल्याशिवाय पहिल्या दोहोंचा निर्णय होऊच शकत नाही, हे या पाठाचे प्रतिपाद्य होय.

१. पालट होणे आणि पालट करणे

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. जीव अनादी आहे. त्याची अविद्याही अनादी आहे. तेव्हा वस्त्र बदलले, गाव बदलले, नाव बदलले म्हणून जीव नवा होतो असे नव्हे. असे पालट तर प्रपंचातही होतात. मुलगी सासरी जाते तेव्हा तिचे घर व नाव बदलते. पती निवर्तला म्हणजे वेष व मान बदलतो. सून घरात आली म्हणजे स्वयंपाकघरातील अधिकार बदलतो. स्त्रीचे सारे आयुष्य अशा पालटांनी भरलेले असते. परंतु हे सर्व पालट तिला ‘होतात’. ते तिने ‘केलेले’ नसतात.

अनुसरण हा मात्र केलेला पालट आहे. आजवर ज्यांच्या आधारे आपण ‘कोणीतरी’ होतो, ते आधार सोडून परमेश्वरास एकमेव आश्रय मानणे, हे त्याचे स्वरूप होय. ते दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही. म्हणूनच सर्वज्ञांनी त्याचा अधिकार वर्णावर अथवा लिंगावर ठेवला नाही. चारही वर्णांच्या पुरुषांप्रमाणे स्त्रियांनाही त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. स्त्रीच्या मासिक धर्माचा विटाळ मानणाऱ्यांना, देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच तोही एक देहधर्म आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. जेथे वर्ण आड आला नाही, लिंग आड आले नाही, देहधर्म आड आला नाही, तेथे वय कोणत्या न्यायाने आड यावे?

२. महदाइसांचे चरित्र

हा भेद समजून घेण्यासाठी महदाइसांचे चरित्र फार उपयोगी आहे. त्यांचा जन्म विद्वान ब्राह्मण कुळात झाला. श्रीनागदेवाचार्यांची ती चुलत बहीण. बालपणीच वैधव्य आले. हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा पालट. तो झालेला होता, केलेला नव्हता. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा स्त्रीपुढे व्रते, तीर्थे आणि माहेरचा एखादा कोपरा एवढीच वाट शिल्लक राही.

त्यांनी प्रथम दादोसांना गुरू केले आणि पुढे त्या सर्वज्ञांच्या सन्निधानी आल्या. ज्या गुरूच्या आश्रयाने आपणास परमार्थाची पहिली ओळख झाली, त्याच्यापाशी न थांबता पुढे जाणे हे संसार सोडण्याइतकेच कठीण असते. संसार सोडताना दुःख सोडावयाचे असते; येथे आधार सोडावा लागतो. महदाइसांनी तो सोडला. हा केलेला पालट होय.

सन्निधानात महदाइसांचे वैशिष्ट्य कोणते? सेवा सर्वांनीच केली. महदाइसांचे वैशिष्ट्य पृच्छा हे होते. लीळाचरित्रात कितीतरी निरूपणांचा उगम त्यांच्या प्रश्नात आहे. त्या एका उत्तरावर थांबत नाहीत. उत्तरातून पुढचा प्रश्न काढतात. सर्वज्ञांनी या वृत्तीचा कधी कंटाळा केला नाही. उलट ही जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, नित्य काही ना काही पुसत असते, असा तिचा गौरव केला. ज्या समाजात विधवेने बोलावे की नाही याचाच विचार होई, तेथे परमेश्वरमूर्तीने एका विधवेच्या प्रश्नांस उत्तरे दिली आणि ती उत्तरे पुढे शास्त्र झाली, ही गोष्ट आपण वाचतो पण पुरेशी मनात धरीत नाही.

३. उत्तरायुष्यातील पालट

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर नागदेवाचार्यादी भक्तजन रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस आले. महदाइसाही आल्या. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सर्वज्ञ निरूपण करीत. श्रीप्रभू निरूपण करीत नसत. त्यांच्या लीळा बालकासारख्या, क्षणात रुसणे, क्षणात हसणे, अशा होत. जिचे सारे परमार्थजीवन प्रश्न विचारण्यावर उभे राहिले होते, तिला आता जेथे उत्तर शब्दांत मिळत नाही अशा ठिकाणी राहावयाचे होते. ‘आमचे दिवस गेले’, असे म्हणून जुन्या आठवणींत बसून राहणे तिला शक्य होते. पुष्कळांचे उत्तरायुष्य असेच जाते.

महदाइसांचे तसे झाले नाही. श्रीप्रभूंना आपला विवाह व्हावा अशी लहर आली. महदाइसांनी ती लहर वेडेपणा म्हणून टाळली नाही. विवाहाचा सोहळा मांडला गेला आणि श्रीप्रभूंच्या इच्छेवरून महदाइसांनी वराचे धवळे गाइले. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचा. धवळ्यांचा दुसरा भाग त्यांनी पुढे रचला. याच धवळ्यांमुळे आज मराठीची आद्य कवयित्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

यातील मर्म असे. बालपणी जिच्या हातून लग्नाची हळद कायमची काढून घेण्यात आली होती, जिला अशा मंगलप्रसंगी मागे उभे राहावे लागे, तिनेच परमेश्वराच्या विवाहाची मंगलगीते गाइली. तिच्यावर लादलेला पहिला पालट तिच्या उत्तरायुष्यात असा निष्प्रभ झाला. हे तिने कोणाशी भांडून केले नाही. ती जेथे होती तेथे तिला जे मागितले गेले, ते देण्यास ती सिद्ध होती, एवढेच.

पुढे तिसरी अवस्था आली. नागदेवाचार्यांच्या परिवारात ती ‘म्हातारी’ झाली. पण कोपऱ्यातील म्हातारी नव्हे. म्हाइंभट लीळा मिळवू लागले तेव्हा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले व ऐकले होते त्यांच्याकडूनच त्या मिळावयाच्या होत्या. जिने प्रश्न विचारले होते तिला उत्तरे आठवत होती, कारण आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मनुष्य सहसा विसरत नाही. जिज्ञासू, गायिका, साक्षी, अशा तीन अवस्थांतून एकच जीव गेला. म्हणून नव्याने आरंभ करणे ही एकदाच घडून संपणारी गोष्ट आहे, ही समजूत चुकीची होय.

४. पूर्वपक्ष आणि त्याचे निरसन

येथे कोणी म्हणेल, ‘महदाइसा असामान्य होत्या. आज येणाऱ्या बायका साध्या आहेत, पुष्कळींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी सेवा करावी, हेच त्यांस श्रेयस्कर. बाइसांनी तरी दुसरे काय केले?’

हा पूर्वपक्ष वरवर बळकट दिसतो. पैठणच्या नागुबाई, म्हणजे बाइसा, यांनी सर्वज्ञांचे पूजावसर केले, ताट केले, येणाऱ्या-जाणाऱ्यांची व्यवस्था पाहिली, हे खरेच आहे. परंतु ती सन्निधानातील सेवा होती. परमेश्वरमूर्ती समोर असता केलेली क्रिया हीच तेथे साधन होती, आणि पूजावसर झाल्यावर बाइसा निरूपण ऐकावयास तेथेच होत्या. आज आपण असन्निधानात आहोत. असन्निधानात सर्वज्ञांनी स्मरण, विजन, अटन, भिक्षा हा आचार सांगितला. चाळीस माणसांच्या भाकरी भाजणे हा त्यात नाही. आश्रमात अन्न शिजले पाहिजे, हे मान्य. पण ती व्यवस्था आहे, साधन नव्हे. व्यवस्थेचा भार वाटून घ्यावा. तो एकाच वर्गाच्या माथी देऊन त्यालाच त्यांचे साधन म्हणणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

आता जे घडते ते स्पष्ट सांगितले पाहिजे. तरुण मुलगा अनुसरला तर पहिल्याच महिन्यात त्याच्या हाती सूत्रपाठ दिला जातो. प्रकरण कोणते, पाठ कसा, अर्थ कसा, हे त्यास शिकविले जाते. पन्नाशीची बाई आली तर तिच्या हाती खराटा व परात दिली जाते. ती चांगला स्वयंपाक करते म्हणून तिची स्तुती होते. मुले तिला आई म्हणतात, पुढे आजी म्हणतात. ती कोठीच्या किल्ल्या सांभाळते. तिला वाटते, आपण आलो ते बरे झाले. पण विचार केला तर घर सुटले, चूल सुटली नाही. नातवंडे सुटली, पण ‘आजी’ हे नाते सुटले नाही. सर्वज्ञांनी स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषतः संबंधितांचा संबंध त्यजावयास सांगितले, ते एका ठिकाणचे संबंध सोडून दुसऱ्या ठिकाणी तेच पुन्हा जोडावेत म्हणून नव्हे. तिने पालट करावयाचे ठरविले होते. आपण पुन्हा तिला पालट ‘होऊ’ दिला.

५. वय आणि ग्रहणशक्ती

‘या वयात पाठ होत नाही’, ही दुसरी सबब. तरुण मुलास दहा सूत्रे एका दिवसात पाठ होतील आणि प्रौढ स्त्रीस एकच होईल, हे शक्य आहे. पण संबंधत्यागाचे वचन पाठ करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलास संबंध म्हणजे काय हे कितीसे ठाऊक असते? जिने मुलीची पाठवणी केली आहे, सासूच्या उशाशी रात्री जागविल्या आहेत, मुलाच्या घरात स्वतःची जागा हळूहळू लहान होताना पाहिली आहे, तिला त्या वचनाचा प्रत्येक शब्द अर्थासह कळतो. शब्द तिच्याकडे उशिरा येतात. अर्थ मात्र आधीच येऊन बसलेला असतो.

आणि स्त्रियांच्या स्मरणशक्तीविषयी तरी आपल्या मार्गाने शंका घेऊ नये. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा ते पुन्हा उभे राहिले ते मुखोद्गत पाठांवरून. त्या पाठांपैकी एक आजही ‘हिराइसा पाठ’ म्हणून ओळखला जातो. दामोदरपंडितांसारख्या ग्रंथकाराची पत्नी असलेल्या हिराइसांचे नाव एका ग्रंथपरंपरेस मिळावे, याहून मोठा दाखला कोणता?

नागदेवाचार्यांची दृष्टी तर सर्वांस ठाऊक आहे. केशिराजबासांसारखा संस्कृतज्ञ शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू लागला तेव्हा आचार्यांनी त्यास आवरले. कारण काय दिले? संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, हे! पंडितांचा विचार त्यांनी मागे ठेवला आणि म्हाताऱ्यांचा पुढे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले. या दोन्हींचा आपणास अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. परंतु ज्या म्हाताऱ्यांना कळावे म्हणून आचार्यांनी शास्त्र मराठीत ठेवविले, त्यांनाच आपण शास्त्र शिकविले नाही तर त्या अभिमानास काय अर्थ राहिला?

६. फलितार्थ

आता आरंभीच्या तीन प्रश्नांकडे वळू.

वैराग्य की कंटाळा, याचा निर्णय दारात होत नाही. दुःखाने मनुष्य दारापर्यंत येतो. पुष्कळजण तसेच आले आहेत, त्यात उणेपणा नाही. पुढे जे नेते ती जिज्ञासा होय. कंटाळलेला जीव विसावा शोधतो, जिज्ञासू जीव उत्तर शोधतो. परंतु जिला कधी सूत्र ऐकविलेच नाही, तिने काय विचारावे? तिला शिकविल्यावाचून तिची परीक्षा करणे हा अन्याय आहे. उशीर झाला काय, याचे उत्तर महदाइसांनी स्वतःच्या उत्तरायुष्याने दिले आहे.

राहिला तिसरा प्रश्न. त्यासाठी मोठी योजना नको. प्रौढ वयात अनुसरलेल्या स्त्रीस रोज एक सूत्र प्रकरणासह सांगावे. वाचता येत नसेल तर मुखाने द्यावे. आपली परंपरा त्यावरच टिकली आहे. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून ते म्हणवून घेण्याआधी, ‘काय पुसावयाचे आहे?’ असे विचारावे. स्वयंपाकाची पाळी स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध सर्वांनी घ्यावी. वर्षातून काही काळ तिला ज्येष्ठ तपस्विनींसह अटनास व विजनास पाठवावे. नातलगांनीही बारशा-लग्नाचे निमित्त करून तिला परत ओढू नये. आणि तिनेही निरोपाची वाट पाहत बसू नये.

अशी स्त्री पहिल्या वर्षी कदाचित काहीच विचारणार नाही. आयुष्यभर तिला कोणी प्रश्न विचारू दिलेला नसतो. तो विचारावयासही धैर्य लागते. आपण धीर धरावा. ज्या दिवशी ती पाठ म्हणता म्हणता थांबेल आणि ‘हे असे का?’ असे पुसेल, त्या दिवशी तिचे अनुसरण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजावे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी आपली तयारी आहे किंवा नाही, हे आपण शिकविणारांनीही त्याच दिवशी तपासून पाहावे.