वापरलेल्या तेलापासून पेट्रोल

भाईंदर किंवा मीरा रोड स्थानकाबाहेर संध्याकाळच्या वेळी वडे, भजी व समोसे तळणाऱ्या कढया दृष्टीस पडतात. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. एवढ्या वस्तीत उरणारे काळपट तेल जाते कोठे? काही गटारात जाते, तर काही स्वस्तात विकले जाऊन दुसऱ्या कढईत पडते. या तेलाचे पेट्रोल होऊ शकते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नाही.

बायोडिझेलशी या पद्धतीची गल्लत करू नये. बायोडिझेलसाठी तेलाची मिथेनॉलशी क्रिया घडवितात व त्यातील प्राणवायू कायम राहतो. पेट्रोलसाठी तो काढून टाकावा लागतो. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. प्रत्येकीत बहुधा १६ ते १८ कार्बन अणू असतात, तर पेट्रोलच्या रेणूत साधारणतः ५ ते १०. तेव्हा साखळी तोडावयाची आणि वजनाने सुमारे ११ टक्के असलेला प्राणवायू घालवावयाचा. ही दोन्ही कामे झिओलाइट हा उत्प्रेरक करतो.

‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी दिले. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत, विशेषतः पुणे, नाशिक व जळगाव भागांत, त्याचे सुंदर स्फटिक सापडतात. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावेत. कारखान्यात मात्र कृत्रिम झिओलाइट वापरतात. त्यांपैकी ‘झेडएसएम-५’ चे पेटंट मोबिल कंपनीस १९७२ मध्ये मिळाले. त्याची रंध्रे जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची असून त्यांच्या भिंतींवर आम्लधर्मी जागा असतात. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानास तेलाची वाफ त्यांतून गेली, की साखळ्या तुटतात आणि तुकडे पुन्हा जुळून टोल्यूइन, झायलिन यांसारखे रेणू बनतात. रंध्राहून मोठ्या रेणूस बाहेर वाट नसते, म्हणून निघते ते बहुतांशी पेट्रोलच्या मापाचे. प्राणवायू पाणी व कार्बनचे वायू यांच्या रूपाने जातो. बाहेरून हायड्रोजन पुरवावा लागत नाही, ही मोठीच सोय होय. वाइस, हाग व रोडवाल्ड या संशोधकांनी १९७९ मध्ये मक्याचे तेल, एरंडेल इत्यादींपासून असे इंधन बनविल्याचे प्रसिद्ध केले.

झिओलाइटची विद्या महाराष्ट्रास परकी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ हा उत्प्रेरक सिद्ध केला. १९८० च्या दशकात तो बडोद्याच्या कारखान्यात झायलिनसाठी वापरात आला.

अडचणी आहेतच. झिओलाइटवर काजळी बसते. ती वरचेवर जाळून टाकावी लागते. तेलाच्या वजनाच्या साधारणतः निम्मेच पेट्रोल हाती लागते, बाकी वायू, पाणी, काजळी. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्याहून अधिक चालत नाही, त्यामुळे हे इंधन शुद्ध करून इतर पेट्रोलमध्ये मिसळावे लागेल. हे काम गल्लीतल्या भट्टीचे नव्हे. ते शुद्धीकरण कारखान्यातच व्हावयास हवे.

पण खरा प्रश्न तेलाचा आहे. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. ताजे तेल इंजिनात जाळणे प्रस्तुत लेखकास मुळीच पटत नाही. उरते ते वापरलेले तेल. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते पुन्हा वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे तेल गोळा करून इंधनाकडे वळविण्याची योजना सुरू केली. रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांस २०१९ पासून नोंदवही ठेवावी लागते. हातगाडीवरील वडेवाला या मर्यादेत येत नाही, आणि शहरात संख्या तर त्याचीच मोठी. त्याच्यापर्यंत पोहोचणे महानगरपालिकेस व प्रभागातील प्रतिनिधींसच शक्य आहे. ठरलेल्या दिवशी डबा नेणारा माणूस आणि भंगारवाल्याहून थोडा बरा भाव, एवढे झाले तरी पुष्कळ तेल हाती येईल.

डब्यात तेल गाळूनच भरावे आणि पाणी अजिबात जाऊ देऊ नये. फरसाणाच्या चुऱ्याबरोबर व पाण्याबरोबर मीठ येते, आणि मिठातील सोडियम झिओलाइटच्या आम्लधर्मी जागा निकामी करतो.