औषधाची पारख

आपल्या कतारगामात हिऱ्याची पारख भिंगाखाली होते. औषधाची कशी होते?

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. दोन्ही द्रव बिनरंगी, दाट व गोडसर असल्याने डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही.

तो कळतो गॅस क्रोमॅटोग्राफीने. नमुन्याची वाफ करून ती लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो व यंत्र त्याची नोंद करते. स्केचपेनचा ठिपका ओल्या टिपकागदावर पसरून त्यातील रंग वेगळे होतात, त्याचेही तत्त्व हेच.

हे तंत्र हाताशी असूनही २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यात याच विषाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. नुसते यंत्र असून भागत नाही; प्रत्येक वेळी तपासणी व्हावी लागते.

म्हणून आम्ही प्रयोगवहीबाबत आग्रह धरतो. न केलेल्या प्रयोगाचे आकडे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू नका. पालकांनीही याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.