एक्झॉस्टच्या पाण्यावर तवंग

प्रश्न : हर्णैला आमची जुनी डिझेल इंजिनाची होडी आहे. एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर रंगीत तवंग येतो. थंड करणाऱ्या पाण्यात डिझेल झिरपतंय का? इंजिन बदलावं लागेल?
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : घाबरू नका, नुसत्या तवंगावरून इंजिन मोडीत निघत नाही. कूलिंगच्या पाण्यात डिझेल सहसा झिरपत नाही. सिलिंडरमध्ये न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतं आणि एक्झॉस्टच्या बेंडमध्ये समुद्राच्या पाण्याला मिळतं.

पहिली चाचणी बिनखर्चाची. होडी धक्क्याला पक्की बांधा, गिअर टाकून इंजिन चांगलं तापू द्या. तवंग आणि पांढरा धूर दोन्ही विरले, तर तो गार इंजिनाचा परिणाम. जुन्या इंजिनात एवढं चालायचंच. तापल्यावरही राहिले, तर पहिला संशय डिझेल फवारणाऱ्या नोझलवर. पंप-नोझलवाल्याकडून ते टेस्ट करून घ्या. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, थेंब गळता कामा नये. त्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नका, डिझेल थेट कातडीत घुसतं. नोझल ठीक निघाले, तर कॉम्प्रेशन तपासा.

धूर निळसर असेल, तर इंजिन ऑइल जळतंय.

डिपस्टिकही पाहा. ऑइलची पातळी वाढली असेल किंवा त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.