भयकथा शिकवताना

चि. ताई,

तुझे पत्र पावले. वरच्या वर्गातील मुलींना भयकथा शिकवायची असून कथेतील वातावरण कसे निर्माण होते हे त्यांच्या गळी कसे उतरवावे, असा तुझा प्रश्न आहे, आणि मामाकडून एखादी तयार तजवीज मिळेल अशी अपेक्षाही दिसते. तशी तजवीज मी उमेदवारीच्या काळात एकदा केली होती व ती साफ फसली. तोच दाखला आधी देतो. अमावास्या, वादळ, ओसाड वाडा, पिंपळ, घुबड असा तपशील मी फळ्यावर मांडला आणि मुलांना गोष्ट लिहून आणावयास सांगितले. पुढील आठवड्यात एकूण एक वहीत अमावास्या पडली, प्रत्येक पिंपळावर घुबड हजेरी लावून बसले, आणि गोष्टी वाचून दाखवताना वर्गात जो हशा पिकला त्यात, खरे सांगावयाचे तर, मीही सामील होतो.

यादी खोटी नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाच्या विभावांत विकृत आवाज, अरण्य आणि शून्य गृह यांची गणना केलेली आहेच. परंतु विभाव म्हणजे रस नव्हे, आणि ज्याच्या घरावर संकट यावयाचे त्या माणसाविषयी वाचकाच्या मनात थोडी माया उत्पन्न होईपर्यंत घुबड हे केवळ घुबडच राहते.

म्हणून डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’ ही कथा हाती घे. बाहेर पावसाळी, गारठलेली रात्र. आत शेगडीपाशी बाप व मुलगा बुद्धिबळ खेळत आहेत, आई विणकाम करीत आहे, आणि आपली चूक मुलाच्या ध्यानी येऊ नये म्हणून बाप हवापाण्याच्या गप्पा काढतो आहे. ह्या लबाडीने आपण त्या घरचे होतो. हिंदुस्थानातल्या फकिराने मंतरलेला, इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा तेथे मागाहून येतो. आपल्याकडच्या मुलींना त्या फकिराचे काडीचेही भय वाटणार नाही, आणि न वाटले तरी कथेचे काही बिघडत नाही. पहिल्या इच्छेत मागितलेले दोनशे पौंड मुलगा कारखान्यातील यंत्रात सापडून मेल्याची भरपाई म्हणून घरी येतात, आणि ती रक्कम कारखान्याचा माणूस अगदी दफ्तरी अदबीने सांगतो, हे मात्र मुलींच्या नजरेस अवश्य आणून दे.

पुढे आईच्या हट्टापायी बाप मुलाला परत मागतो, आणि रात्री दारावर थाप पडते. येथे सावकाश थांब. मृत मुलगा कथेत एकदाही दिसत नाही. त्याला अंगावरच्या कपड्यांवरूनच ओळखता आले, एवढे एक वाक्य बापाने आधी उच्चारलेले असते, आणि बाकीचे सर्व जेकब्सने आपल्या कल्पनेच्या हवाली केलेले असते. आई खाली धावते, साखळी काढते, खालची कडी सरकवते, वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून खुर्ची ओढते. वर बाप अंधारात जमिनीवर चाचपडत तो पंजा शोधतो. भय कोठे आहे ते मुलींना विचार. दार उघडावे असे वाटणारी आई आणि उघडू नये असे वाटणारा बाप, दोघेही त्या एकाच मुलावर जीव टाकणारे, आणि मध्ये एक न निघणारी कडी: माझ्या मते सारे वातावरण त्या कडीत आहे. वाचणाऱ्यालाही दोन्ही वाटते, आणि म्हणूनच तो घाबरतो.

एडगर ॲलन पो याची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही कथा तूर्त बाजूला ठेव. १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना लघुकथेतील प्रत्येक शब्द एकाच योजिलेल्या परिणामाकडे वळला पाहिजे असे त्याने बजावले, ते यथार्थ आहे, व अशरच्या वाड्याचे वर्णन त्याने त्याच हुकुमाने केले आहे. पण नवशिके त्या वर्णनातून काळोख तेवढा उचलतात, आणि मग माझी फळ्यावरची यादी परत येते.

वर्गाच्या खिडक्या लावून घेण्याचा नाटकीपणा करू नकोस. भर दुपारी, साध्या आवाजात जेकब्सच्या कथेचे शेवटचे पान वाच, आणि मग आपल्या घरातील एक दार व त्यामागे कोण असावेसे वाटते एवढेच मुलींना लिहावयास सांग. भुताचे नाव निघता कामा नये. त्या वह्या दिवाळीच्या सुटीत येताना बरोबर आण. मला वाचावयाच्या आहेत.

तुझा मामा